वळिवडे पोलिश निर्वासित छावणी

वळिवडे पोलिश निर्वासित छावणी ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तत्कालीन कोल्हापूर संस्थानातील वळिवडे गावाजवळ उभारलेली वसाहत होती. १९४३ ते १९४८ या काळात येथे सुमारे ५,००० पोलिश नागरिकांनी आश्रय घेतला. त्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती. भारतातील पोलिश निर्वासितांची ही सर्वांत मोठी छावणी होय.

पार्श्वभूमी
सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत संघाने पोलंडचा पूर्व भाग व्यापला. १९४० व १९४१ या वर्षांत तेथील लक्षावधी रहिवाशांना सायबेरिया व कझाकस्तान येथे हद्दपार करण्यात आले. ३० जुलै १९४१ च्या सिकोर्स्की-मायस्की करारानंतर त्यांची सुटका सुरू झाली व जनरल व्लादिस्लाव आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सेना उभी राहिली. १९४२ मध्ये ही सेना व तिच्यासोबतचे नागरिक इराणमध्ये पोहोचले. पुरुष युद्धआघाडीवर गेले. त्यांच्या कुटुंबीयांना भारत, पूर्व आफ्रिका इत्यादी ठिकाणी हलविण्यात आले. भारतात येणारे बहुतेक जण कराचीमार्गे आले.

छावणीतील जीवन
छावणीत कुटुंबांसाठी बराकी बांधण्यात आल्या होत्या. शाळा, चर्च, रुग्णालय, बाजार व नाट्यगृह यांमुळे तिला लहान पोलिश नगराचे स्वरूप आले. शिक्षण पोलिश भाषेत दिले जाई. नवानगर संस्थानातील बालाचडी येथील छावणी १९४६ मध्ये बंद झाल्यावर तेथील मुलेही वळिवडे येथे आली.

निवासाचा प्रश्न
येथील वास्तव्य तात्पुरते मानलेले होते. युद्ध संपल्यावर मायदेशी परतता येईल, ही त्यामागील अपेक्षा होती. तथापि फेब्रुवारी १९४५ मधील याल्टा परिषदेने पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाकडे राहील असे ठरविले. अनेक निर्वासितांची घरे याच भागात होती. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनस्थित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. त्यामुळे ज्या सरकारच्या छत्राखाली हे नागरिक भारतात राहत होते, त्याचाच आधार नाहीसा झाला.

बालाचडीतील अनाथ मुलांना साम्यवादी राजवटीखालील पोलंडमध्ये सक्तीने पाठविले जाण्याची भीती होती. ती टाळण्यासाठी नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी, धर्मगुरू फ्रान्सिशेक प्लुटा व ब्रिटिश अधिकारी जेफ्री क्लार्क यांनी त्यांना संयुक्तपणे कायदेशीर दत्तक घेतले.

कुटुंबीयांचे पुनर्मीलन
ब्रिटनच्या संसदेने मार्च १९४७ मध्ये पोलिश पुनर्वसन कायदा संमत केला. ब्रिटिश आधिपत्याखाली लढलेल्या पोलिश सैनिकांना व त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांना ब्रिटनमध्ये राहण्याची सोय, भत्ता, शिक्षण व रोजगारासाठी साहाय्य देण्याची तरतूद त्यात होती. यामुळे सैनिकाशी असलेले नाते हा छावणीतील व्यक्तीच्या पुढील वास्तव्याचा निर्णायक आधार ठरला. पती, पिता वा पुत्र सैन्यात असलेल्यांना ब्रिटनचा मार्ग मोकळा झाला. ज्यांना असा नातेवाईक नव्हता, त्यांच्यापैकी अनेकांना पूर्व आफ्रिकेतील व लेबनॉनमधील पोलिश वसाहतींत पाठविण्यात आले. काही जण पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा व अमेरिकेत स्थायिक झाले, तर थोडे पोलंडला परतले. स्थानिक पुरुषांशी विवाह केलेल्या मोजक्या पोलिश स्त्रिया भारतातच राहिल्या.

छावणीनंतर
१९४८ मध्ये छावणी बंद झाली. भारताच्या फाळणीमुळे सिंधमधून विस्थापित झालेल्या कुटुंबांना या जागेत वसविण्यात आले. कापडाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले आजचे गांधीनगर या वस्तीतूनच वाढले.

स्मारके
कोल्हापुरातील महावीर उद्यानात पोलिश नागरिकांनी कृतज्ञतेने उभारलेला स्मारकस्तंभ आहे. छावणीच्या काळात मृत्यू पावलेल्यांच्या कबरीही शहरात आहेत. पोलंडची राजधानी वॉर्सा येथे कोल्हापूरच्या आतिथ्याचे स्मारक असून, २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे आदरांजली वाहिली.