काव्यशास्त्राची पोथी आणि उपासनेचे मौन

नॉर्स दैवतांविषयी आज जे काही सांगितले जाते, त्याचा मोठा भाग काव्यरचनेच्या एका पाठ्यपुस्तकातून आलेला आहे. आइसलंडमधील सरदार, कायदेपंडित आणि कवी स्नोरी स्टुर्लुसन (११७९–१२४१) याने इ. स. १२२०च्या सुमारास रचलेली ‘एद्दा’ हा धर्मग्रंथ नव्हे. जुन्या काव्यपद्धतीची जाण मावळू लागली असता ती तरुण कवींना शिकवावी, हा तिचा प्रकट हेतू. या काव्याचा प्राण म्हणजे ‘केनिंग’ नावाची सांकेतिक उक्ती. सोन्याला सिफचे केस म्हणायचे, ही अशीच एक उक्ती. सिफ ही थोरची पत्नी. लोकीने खोडसाळपणे तिचे केस कापले आणि बुटक्या कारागिरांनी तिला सोन्याचे केस घडवून दिले, ही कथा ठाऊक नसेल तर उक्ती निरर्थक ठरते. कथा येते ती अशी अलंकाराच्या गरजेपोटी. स्नोरी ख्रिस्ती होता, आणि त्याच्या देशाने तो धर्म स्वीकारल्याला दोन शतके उलटली होती. एद्देच्या प्रस्तावनेत हे ‘देव’ म्हणजे ट्रॉयकडून उत्तरेस आलेले मर्त्य पुरुष, असा उलगडा केलेला आहे. नवकवींना केलेल्या उपदेशात या कथा टाकून देऊ नयेत आणि त्यांवर विश्वासही ठेवू नये, अशी दुहेरी सूचना आहे.

विसाव्या शतकात याच ग्रंथाकडे काही स्त्रीपुरुष उपासनेचा आधार म्हणून वळले. नॉर्स ‘पेगन’ परंपरेचे पुनरुज्जीवन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घटनेची चर्चा बहुधा ‘हे अस्सल की बनावट’ या प्रश्नापाशी अडकून पडते. त्याआधी संहितेचे स्वरूप तपासणे आवश्यक आहे. काव्यशास्त्राला देवांची नावे, वंशावळी, शस्त्रे, वाहने, पराक्रम लागतात. बळी देताना काय उच्चारायचे, घरधनीण कोणत्या दिवशी कोणापुढे काय ठेवत असे, याची त्याला गरज नसते. परिणामी पुराणकथा विपुल आणि विधी जवळजवळ शून्य, अशी विषम सामग्री हाती आली. एद्दा-कवितांची प्रमुख हस्तलिखित पोथी ‘कोडेक्स रेगियुस’ हीदेखील तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली, म्हणजे ख्रिस्ती हातांनीच नकललेली. १६४३ मध्ये ती बिशप ब्रिनयोल्फुर स्वेइन्ससोन याच्या हाती आली, १६६२ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडे गेली आणि १९७१ मध्ये आइसलंडला परतली. तिची काही पाने मधूनच गहाळ आहेत.

मौन मात्र सर्वत्र सारखे नाही. ते नेमक्या जागी पडते, आणि या जागा पाहण्यासारख्या आहेत. ब्रेमेनचा धर्मोपदेशक आडाम याने अकराव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकात स्वीडनमधील उप्सालाच्या महायज्ञाचे ऐकीव वर्णन केले. दर नऊ वर्षांनी होणारा उत्सव, प्रत्येक जातीचे नऊ नर, झाडांना टांगलेली कलेवरे, सारे तपशील तो देतो. त्या वेळी गायिल्या जाणाऱ्या गीतांपाशी आल्यावर मात्र ती असभ्य असल्याने न सांगितलेली बरी, असे म्हणून थांबतो. ‘लाल एरिकच्या सागे’त ग्रीनलंडमधील थोर्बियोर्ग या भविष्यवादिनीचा पोशाख, काठी, हातमोजे, जेवणातील पदार्थसुद्धा नोंदलेले आहेत. तिच्या ‘सेइद’ या विधीसाठी लागणारे गीत कोणालाच येत नसते. ते येते एकट्या गुद्रीदला, आणि ती ख्रिस्ती असते. आढेवेढे घेऊन ती गाते, ऐकणारे मुग्ध होतात, पण त्या गीताचा एकही शब्द सागाकार देत नाही. तिसरा प्रसंग १०१९च्या सुमाराचा. राजा ओलाफचा कवी सिग्वात थोर्दारसोन स्वीडनच्या प्रवासात एका वस्तीच्या दारी आसरा मागतो. आत ‘आल्फाब्लोत’ म्हणजे आल्फ नामक शक्तींना द्यावयाचे अर्पण चालू असते. ओदिनचा कोप होईल या भीतीने घरची बाई त्याला उंबऱ्याबाहेरच अडवते. उपासनेच्या इतक्या जवळ पोचलेल्या या साक्षीदाराला आत काय चालले होते ते दिसलेच नाही. ही हकीकत टिकली तीही त्याने ती छंदोबद्ध केली म्हणून.

हा धर्म ‘धर्म’ या अर्थाने बोलणाऱ्यांच्या मनात होता काय, हाही प्रश्न आहे. त्यासाठी वापरला जाणारा शब्द ‘सिदर’, म्हणजे रीत, वहिवाट. मराठी वाचकाला ‘श्रद्धा’पेक्षा ‘कुळाचार’ या शब्दाने तो अधिक अचूक कळेल. कुळाचार पाळायचा असतो. तो व्यक्तीने अंतर्मुख होऊन निवडायचा नसतो. मग त्यात ‘वैयक्तिक’ उपासना शिरली कोठून? याचे एक अनपेक्षित उत्तर कायद्याच्या इतिहासात सापडते. इ. स. १०००च्या (काही गणनांनुसार ९९९च्या) आल्थिंगमध्ये, म्हणजे आइसलंडच्या लोकसभेत, दोन पक्ष फुटण्याच्या बेतात असताना निवाडा थोर्गेइर या विधिवक्त्यावर सोपवण्यात आला. तो स्वतः जुन्या रीतीचा. एक दिवस व एक रात्र पांघरुणाखाली मूकपणे पडून राहिल्यावर त्याने सर्वांनी बाप्तिस्मा घ्यावा असा निर्णय दिला. बाराव्या शतकातील इतिहासकार आरी थोर्गिल्ससोन याच्या नोंदीनुसार त्यात सवलती होत्या : नवजात अर्भक टाकून देण्याची जुनी मुभा राहील, घोड्याचे मांस खाता येईल, आणि गुप्तपणे अर्पण करता येईल, मात्र साक्षीदार पुढे आल्यास हद्दपारी. काही वर्षांत या सवलतीही रद्द झाल्या. सामुदायिक आचाराचे एकांतातील कृतीत झालेले रूपांतर येथे दिसते, आणि ते घडवले एका राजकीय तडजोडीने. आधुनिक साधक ज्या एकांताला परंपरेचे मूळ रूप समजतो, तो निदान आइसलंडपुरता परंपरेच्या पराभवाचा अवशेष आहे.

संहितेतील या रित्या जागा भरण्याचे प्रयत्न सारखे नाहीत. व्हिएन्नाचा गूढवादी लेखक गिडो फॉन लिस्ट याला १९०२ मध्ये डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या अंधत्वात अठरा रुनाक्षरांचा ‘साक्षात्कार’ झाला; ‘हावामाल’ या एद्दा-कवितेतील अठरा मंत्रांशी त्याने ती जुळवली. इतिहासाला ज्ञात असलेल्या जुन्या मालिकेत चोवीस अक्षरे आहेत, व्हायकिंगकालीन मालिकेत सोळा. अठरांची एकही नाही. ‘स’ या अक्षराच्या परंपरागत नावाचा अर्थ सूर्य. लिस्टने तो ‘विजय’ केला, आणि नाझी एस. एस. दलाच्या गणचिन्हात बसले ते हेच विजयाक्षर. एका माणसाचे खासगी दर्शन वंशश्रेष्ठत्वाचे सार्वजनिक चिन्ह होऊ शकले, याचे कारण ते ‘प्राचीन’ म्हणून मांडले गेले. अमेरिकन लेखक राल्फ ब्लम याच्या १९८२ मधील लोकप्रिय पुस्तकातील रुन-संचात एक कोरा दगड आहे. त्याला कोणताही पुरावा नाही. तरीही, थोड्या उपरोधाने म्हणायचे तर, सबंध परंपरेचे सर्वांत प्रामाणिक चिन्ह तेच आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात कादंबरीकार डायना पॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सागेतील थोर्बियोर्गच्या प्रसंगावरून ‘सेइद’ची नवी बैठक रचली, तीत गाण्याची गीते अर्थातच नवी. येथे नवनिर्मिती झाकलेली नाही, आणि लिस्टहून हा प्रकार वेगळा ठरतो तो एवढ्यामुळेच.

आइसलंडमधील ‘आसात्रुआरफेलागिद’ या मंडळाची कथा आणखी निराळी. कोडेक्स रेगियुस मायदेशी परतल्यानंतर वर्षभराने, १९७२च्या ‘उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी’, त्याची स्थापना झाली. दोहोंत कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. १९७३ मध्ये शासनाने त्याला धार्मिक संस्था म्हणून मान्यता दिली. मंडळाने सिद्धान्तांची चौकट घातली नाही आणि वंशवादाशी असलेले नाते जाहीरपणे नाकारले. त्याचे पहिले प्रमुख स्वेइनब्योर्न बेइन्तेइन्ससोन (१९२४–१९९३) हे मेंढपाळ शेतकरी आणि ‘रिमुर’चे कवी. रिमुर हा चौदाव्या शतकापासून आइसलंडच्या घराघरांतून गायिला जाणारा कथाकाव्याचा प्रकार. ख्रिस्ती कुटुंबांनी तो गायिला आणि त्यात ओदिन-थोरच्या केनिंगा बिनदिक्कत वापरल्या. श्रद्धेची साखळी नऊ शतके तुटलेली होती, छंदाची नव्हती. बेइन्तेइन्ससोन यांनी एद्दा-कविता याच जुन्या गायनपद्धतीने म्हटल्या आणि १९८२ मध्ये त्या ध्वनिमुद्रितही केल्या. मंडळाच्या स्थापनेपूर्वी जवळजवळ वीस वर्षे, १९५३ मध्ये, त्यांनी रिमुरच्या वृत्तांवर एक पुस्तक लिहिले होते. त्याच्या नावात ‘हाउत्ताताल’, म्हणजे वृत्तांची गणना, हा शब्द आहे. स्नोरीच्या एद्देतील अखेरच्या भागाचे नावही तेच.