शिरगणतीची दप्तरे आणि आपल्या घराण्यांचा शोध

देवालयाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा जुने दगड हलतात आणि त्यांबरोबर जुन्या आठवणीही हलतात. पायरीवर कोरलेले एखादे नाव, दीपमाळेच्या चौथऱ्यावरील अर्धवट झिजलेली ओळ, घंटेवर कोरलेला शक पाहून गावातील तरुण मंडळी विचारू लागतात, हा कोण? याचे वंशज आज गावात आहेत काय? बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. ज्याला त्याला आजोबांचे नाव ठाऊक असते. पणजोबांचे नाव सांगताना पुष्कळजण थांबतात, आणि खापरपणजोबांपर्यंत पोहोचणारा गावात क्वचितच आढळतो. देवळाचा पाया शोधताना जशी माती उकरावी लागते, तशी घराण्याचा पाया शोधताना दप्तरे उकरावी लागतात. ती कोणती, कोठे आहेत आणि ती कशी वाचावीत, याची ओळख ग्रामस्थांना आणि परगावी स्थायिक झालेल्या देणगीदार मंडळींना व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खानेसुमारी ते जनगणना

माणसे मोजण्याची रीत इंग्रजांनी आणली असा समज आहे, तो पूर्ण खरा नाही. ‘खानेसुमारी’ हा शब्दच फारसीतून आलेला आहे. खाना म्हणजे घर आणि शुमार म्हणजे मोजदाद. पेशवाईत कर बसविण्यासाठी गावोगावच्या घरांच्या याद्या होत. अशा यादीस घरझाडा म्हणत. त्यात घरधन्याचे नाव आणि त्याचा धंदा असे. ही मोजदाद पट्टी वसूल करण्यासाठी होती, म्हणून तीत नाव महत्त्वाचे होते. पट्टी कोणाकडून घ्यावयाची हे नावावाचून कळणार कसे?

इंग्रजी अमलात देशव्यापी शिरगणतीचा पहिला प्रयत्न १८७२ च्या सुमारास झाला. तो सर्वत्र एकाच वेळी झाला नव्हता. सबंध देशात एकाच वेळी झालेली पहिली शिरगणती १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्रीची. तेव्हापासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी ती होत आली. २०२१ ची गणना करोनाच्या साथीमुळे लांबली, आणि पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख सरकारने जाहीर केली आहे. १९३१ नंतर थांबलेली सर्व जातींची मोजणीही या वेळी व्हावयाची आहे.

परंतु येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. घराण्याचा शोध घेणारा मनुष्य मोठ्या आशेने विचारतो, १८८१ च्या शिरगणतीत आमच्या पूर्वजांचे नाव सापडेल काय? ते तेथे सापडत नाही. गणती करणारे गावचे कुलकर्णी, तलाठी किंवा शाळामास्तर घरोघर जाऊन नावे लिहून घेत हे खरे. पण आकडे जुळविले की त्या चिठ्ठ्यांचे काम संपे. छापील ग्रंथांत उरले ते केवळ आकडे: घरे किती, पुरुष किती, स्त्रिया किती, साक्षर किती. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जनगणना कायद्याने तर व्यक्तीची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधनच घातले. ती कोणाला पाहता येत नाही, आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. लोकांनी निर्भयपणे खरी माहिती सांगावी हा त्यामागील हेतू योग्यच आहे.

अमेरिकेत याहून निराळी पद्धत आहे. तेथील राष्ट्रीय शिरगणतीची मूळ पाने ७२ वर्षांनी सर्वांना खुली होतात. शिवाय न्यूयॉर्क, आयोवा यांसारखी राज्ये मधल्या वर्षांत आपली स्वतंत्र शिरगणती करीत. न्यूयॉर्क राज्याच्या १८५५ च्या गणतीत तर प्रत्येकाचा जन्म कोणत्या जिल्ह्यात झाला आणि तो त्या गावी किती वर्षे राहतो आहे, हेही लिहिलेले आहे. १८९० च्या राष्ट्रीय शिरगणतीची बहुतेक पाने पुढे १९२१ च्या आगीमुळे हातची गेली. तेव्हा ती उणीव या राज्यांच्या गणत्यांनीच काही अंशी भरून काढली. तेथील सामान्य शेतकऱ्याचा नातू आज आपल्या पणजोबांचे नाव, वय आणि शेजारी त्या पानांवर वाचू शकतो. आपल्याकडे मात्र शिरगणती आकडा देते, नाव देत नाही. नावासाठी दुसरी दारे ठोठवावी लागतात.

नावे कोठे आहेत?

पहिले दार १९५१ च्या राष्ट्रीय नोंदवहीचे. त्या वर्षीच्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून गावोगावच्या नागरिकांची एक नोंदवही तयार करण्यात आली. तीत घरांच्या अनुक्रमाने त्या घरातील माणसांची नावे लिहिलेली आहेत. आपल्या देशात शिरगणती आणि नाव यांची एकत्र गाठ पडते ती येथे. सर्व गावांच्या वह्या टिकलेल्या नाहीत. ज्यांच्या टिकल्या त्यांनी त्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात पाहाव्यात.

दुसरे दार जमिनीच्या कागदांचे. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदीस सुरुवात झाली. जुना सात-बारा पाहून त्यावरील फेरफार क्रमांक टिपावा आणि फेरफाराची नोंदवही मागावी. ‘अमुक खातेदार मयत, वारस मुलगे अमुक व अमुक’ अशी एक ओळ तेथे मिळाली की एक पिढी हाती लागली असे समजावे. तेथून मागच्या फेरफाराकडे जावे. अशा रीतीने तीन-चार पिढ्या सहज उलगडतात.

तिसरे दार जन्म-मृत्यूच्या नोंदींचे. गाव नमुना क्रमांक १४ म्हणून ओळखली जाणारी ही नोंदवही पुष्कळ गावांची उपलब्ध आहे. विदर्भात हीच माहिती कोतवाल बुकात मिळते. बालकाचे नाव बारशापूर्वी ठरलेले नसल्याने अनेक नोंदींत फक्त बापाचे नाव आणि ‘मुलगा’ वा ‘मुलगी’ एवढेच असते. चौथे दार शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचे. तिच्यातील जन्मतारखेवर मात्र विसंबू नये. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीसाठी १ जून ही तारीख लिहिली, आणि त्यामुळे आपल्या राज्यात १ जूनला जन्मलेली माणसे गावोगाव आढळतात!

याहून मागे जावयाचे तर पुण्यातील पुराभिलेखागाराकडे, म्हणजे लोक ज्याला पेशवे दप्तर म्हणतात तिकडे वळावे लागते. तेथे मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. १८५२ च्या कायद्यानुसार इनामांची चौकशी झाली तेव्हा वतनदार मंडळींनी आपापल्या वंशावळी सरकारात दाखल केल्या. पाटीलकी, कुलकर्ण किंवा देवस्थान इनाम असलेल्या घराण्यांना तेथे पुष्कळ माहिती मिळते. मराठवाड्याची गोष्ट थोडी वेगळी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाची शिरगणती १८८१ पासून होत आली. तेथील जुनी दप्तरे उर्दू, फारसी आणि मोडीत असून बरीचशी हैदराबादेत आहेत. संस्थानाच्या शिरगणतीच्या छापील ग्रंथांतही आकडेच आहेत, कोणाचे नाव नाही, हे येथेही विसरू नये.

सरकारी कचेऱ्यांखेरीज तीर्थोपाध्यायांच्या वह्या हे आणखी एक मोठे भांडार आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया येथे यात्रेस गेलेल्या पूर्वजांनी तेथील उपाध्यायांच्या वहीत गावाचे नाव, आडनाव आणि आपल्याबरोबर आलेल्यांची नावे लिहून दिलेली असतात. त्यात पुष्कळ वेळा स्त्रियांचीही नावे सापडतात, जी सरकारी कागदांत सापडत नाहीत.

नोंद वाचावी कशी?

जुन्या नोंदीत आडनाव बहुधा नसते. ‘रामजी बिन तुकोजी’ किंवा ‘रामजी वलद तुकोजी’ असे लिहिले असेल तर रामजी हा तुकोजीचा मुलगा. ‘सगुणाबाई कोम रामजी’ म्हणजे सगुणाबाई ही रामजीची बायको. गावात त्याच नावाचे दोघे-तिघे असणे साहजिक आहे, म्हणून केवळ नाव जुळले म्हणजे आपला पूर्वज सापडला असे मानू नये. शेताचे नाव, सर्व्हे नंबर, भावांची नावे यांपैकी दोन गोष्टी तरी जुळावयास हव्यात.

वर्षांचाही घोळ होतो. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो. फसली सनात ५९० मिळवावेत, म्हणजे फसली १३४० हे १९३०-३१ चे साल. मोडी कागदांतील सुहूर सन अरबी शब्दांत असतो. ‘सबैन मया व अलफ’ म्हणजे सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७०. त्यात ५९९ मिळविले की १७६९-७० हे साल मिळते. मोडी वाचणारे आता गावोगाव राहिलेले नाहीत. २०२३ साली मराठवाड्यातील कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा हजारो कुटुंबे एकदम जुन्या कागदांकडे वळली आणि मोडी वाचकांची वाण सर्वांनाच जाणवली. गावातील एक-दोन हुशार मुलामुलींनी ही लिपी शिकून घेतली तर ती मोठी ग्रामसेवा ठरेल.

आकडेही बोलतात

शिरगणतीत नाव नाही म्हणून ती निरुपयोगी आहे असे मात्र नाही. आजच्या भारताच्या हद्दीत १९११ साली २५ कोटी २१ लाख लोक होते. १९२१ साली ते २५ कोटी १३ लाख झाले. दहा वर्षांत लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, असे एकदाच घडले. त्याचे मुख्य कारण १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी तिचे नाव ‘मानमोडी’. घराण्यातील एखादी शाखा अचानक खुंटलेली दिसते, एखादा पूर्वज मामाच्या घरी वाढलेला असतो, एखाद्याची दोन लग्ने झालेली असतात. त्याचे कारण पुष्कळदा त्या एका आकड्यात दडलेले असते. त्याआधीच्या प्लेगचे आणि दुष्काळांचेही तसेच.

१९५१ पासून जिल्हा जनगणना पुस्तिकांत गाववार माहिती मिळते. आपल्या गावात तेव्हा घरे किती, लिहिता-वाचता येणारे किती, हे कोणीही पाहू शकतो. १९६१ च्या जनगणनेने तर महाराष्ट्रातील जत्रायात्रांचा स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. माणसांबरोबर देवाच्या यात्राही तिने मोजल्या!

दप्तरांत कोण नाही?

कागदाचे गुण गाताना त्याची उणीवही सांगितली पाहिजे. ज्याच्या नावे जमीन वा वतन, त्याचे नाव दप्तरात. ज्यांनी दुसऱ्याच्या बांधावर घाम गाळला, त्यांची नावे फेरफारात नाहीत. दुष्काळात मुंबईच्या गिरण्यांकडे गेलेल्यांची नावे गावच्या कागदांतून हळूहळू पुसली गेली. लेकी सासरी गेल्या आणि वंशावळीतून गळाल्या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारस नोंदीत मुलींची नावे दिसू लागली. आता महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदांत आईचे नाव लिहिण्याचा नियम झाला आहे. पण त्यापूर्वीच्या आज्या-पणज्यांची नावे कोणत्या कचेरीत मिळणार? ती मिळतील फक्त घरातील वृद्धांच्या मुखातून, आणि तीही ते आहेत तोवर.

म्हणून शोध सुरू करावा तो कचेरीतून नव्हे, ओसरीवरून. घरातील सर्वात वृद्ध माणसाजवळ बसून नावे, माहेर, सोयरीक, स्थलांतर आणि ‘मानमोडीचे साल’, ‘रझाकाराचे साल’ अशा खुणा लिहून घ्याव्यात. मग फडताळातील जुनी कागदपत्रे काढावीत. ती रद्दीत घालू नयेत, गंगेत सोडू नयेत, सुताने बांधून कोरड्या जागी ठेवावीत. त्यानंतर कचेरीत जाऊन नकला मागाव्यात. कागदावर स्वतःच्या हाताने एक अक्षरही वाढवू नये. खाडाखोड केलेली नोंद चौकशीत टिकत नाही आणि खऱ्या नोंदीवरही संशय आणते. एकाच घराण्याच्या दोन शाखांत वाद असेल, तर दोघांचे म्हणणे लिहून ठेवावे आणि निवाडा कागदावर सोडावा.

शिरगणती आकडा सांगते, दप्तर नाव सांगते आणि वडीलधारी माणसे नाते सांगतात. तिन्ही एकत्र आली तरच घराण्याची कथा पुरी होते. त्यांपैकी पहिली दोन कचेरीत काही वर्षे आणखी टिकतील. तिसरीला मुदत नाही.

या स्मरणिकेतील देणगीदारांची यादीही एक प्रकारची खानेसुमारीच आहे. शंभर वर्षांनी कोणी आपले पूर्वज शोधील तेव्हा ती उपयोगी पडावी अशी इच्छा असेल, तर आपल्या घरच्या प्रतीच्या मागील कोऱ्या पानावर प्रत्येक कुटुंबाने आपली वंशावळ लिहावी. त्यात आई, आजी, सुना व लेकींची नावे, त्यांची माहेरे-सासरे यांसह, आवर्जून असावीत. खाली तारीख घालावी आणि ती प्रत देवघरात जपून ठेवावी. ज्यांनी हे देवालय उभारले त्यांची नावे काळाने पुसली. ज्यांनी ते पुन्हा उभारले त्यांची नावे तशी पुसली जाऊ नयेत, हीच श्रीचरणी प्रार्थना.