बहिःस्थ आणि बहिःशाल : इंग्रजी वाङ्मयाच्या अध्ययनाची एक उपेक्षित बाजू

इंग्रजी वाङ्मयाच्या अध्ययनाचा आपल्याकडील इतिहास बहुधा वर्गाच्या आतून लिहिला गेला आहे. मेकॉलेचे १८३५ चे टिपण, त्यानंतरची शासकीय महाविद्यालये, तेथील इंग्रज प्राध्यापक आणि त्यांच्या हाताखाली घडलेली पहिली पदवीधर पिढी, असा या कथनाचा क्रम ठरून गेला आहे. गौरी विश्वनाथन यांच्या ‘मास्क्स ऑफ काँक्वेस्ट’ (१९८९) या ग्रंथाने त्याला वासाहतिक सत्तेच्या चिकित्सेची धार दिली. तरी कथनाच्या केंद्रस्थानी धोरण, संस्था आणि अभ्यासक्रम हेच राहिले. ज्याने पदव्युत्तर वर्ग जवळजवळ पाहिलाच नाही, दिवसा नोकरी करून रात्री ‘किंग लिअर’ वाचले आणि एप्रिल-मेच्या उन्हात परीक्षा दिली, तो एम.ए.चा बहिःस्थ विद्यार्थी या इतिहासात सापडत नाही. मराठीच्या अध्यापकाने या विषयात का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळावे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. बहिःस्थ परीक्षार्थी म्हणजे मूळ व्यवस्थेला नंतर जोडलेले ठिगळ, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे जी विद्यापीठे निघाली, त्यांच्यापुढे लंडन विद्यापीठाचा नमुना होता. ते विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे. परीक्षा घेई आणि पदव्या देई. १८५८ च्या सनदेने तर त्याने कोणत्याही महाविद्यालयात न शिकलेल्यालाही परीक्षेचे दार मोकळे केले. मुंबईत महाविद्यालयांची संलग्नता आवश्यक मानली गेली खरी, परंतु विद्यापीठाचा देह कितीतरी दशके परीक्षेचाच राहिला. रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक हे १८६२ चे पहिले पदवीधर ज्या विद्यापीठाचे होते, ते आपल्या प्रश्नपत्रिकांतूनच त्यांना भेटत होते. (याच विद्यापीठाने पुढे उच्च परीक्षांतून मराठीला बाहेर ठेवले, रानड्यांच्या प्रयत्नांनी १९०१ मध्ये एम.ए.ला ती परत आली. तोवर स्वतःची भाषा हाच विषय बहिःस्थ होता म्हणावयाचे.)

परीक्षेचा नमुना आपण लंडनहून घेतला, परंतु त्याच्या जोडीला तेथे जे वाढत होते ते घेतले नाही. इंग्रजी वाङ्मय हा विषय इंग्लंडमध्ये प्रतिष्ठित विद्यापीठांत उशिरा पोचला. ऑक्सफर्डला त्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम १८९४ मध्ये आला, केंब्रिजला १९१७ मध्ये. त्यापूर्वी तो श्रमिकांच्या संस्थांतून, १८५४ मध्ये एफ. डी. मॉरिस यांनी लंडनमध्ये स्थापलेल्या वर्किंग मेन्स कॉलेजसारख्या ठिकाणी आणि केंब्रिजने १८७३ मध्ये सुरू केलेल्या विस्तार व्याख्यानांतून शिकवला जात होता. ऑक्सफर्डला हा विषय यावा म्हणून ज्यांनी रान उठवले, ते चर्टन कॉलिन्स अशाच विस्तार व्याख्यानांवर जगणारे अध्यापक होते. टेरी ईगल्टन यांनी १९८३ च्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात या साऱ्या उद्योगामागे कामगारवर्गाला निवविण्याचा हेतू कसा होता ते दाखविले आहे, आणि ते खोटे नाही. परंतु हेतू आणि परिणाम यांत अंतर पडते. १९०३ मध्ये स्थापन झालेल्या कामगार शिक्षण संघाच्या वर्गांत पहिला तास व्याख्यानाचा आणि दुसरा तास चर्चेचा, असा दंडक होता. दिवसभर काम करून आलेला मनुष्य दुसऱ्या तासाला अध्यापकाशी वाद घाली. रेमंड विल्यम्स यांनी १९४६ पासून १९६१ पर्यंत अशा प्रौढांना शिकविले, ई. पी. टॉम्पसन यांनी १९४८ पासून यॉर्कशायरमध्ये तेच केले. आज ज्याला संस्कृती-अभ्यास म्हणतात, त्याची मुळे या दुसऱ्या तासात आहेत, असे खुद्द विल्यम्स यांनी बजावून सांगितले होते.

मराठीत या दोन गोष्टींसाठी दोन शब्द आहेत. ‘बहिःशाल’ म्हणजे विद्यापीठाने भिंतीबाहेर जाऊन शिकविणे. ‘बहिःस्थ’ म्हणजे भिंतीबाहेर राहून परीक्षेस बसणे. इंग्लंडमध्ये वाङ्मयाभ्यासाला बहिःशाल परंपरेने घडविले. आपल्याकडे बहिःशाल व्याख्यानमाला निघाल्या, त्यांनी लोकशिक्षणाचे मोलाचे काम केले; परंतु त्यांचा पदवीच्या अभ्यासाशी सांधा जुळला नाही. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला बहिःस्थपण तेवढे आले.

अपवाद आहेत, आणि त्यांतील सर्वांत अर्थपूर्ण अपवाद डॉ. आंबेडकरांचा आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सुरू झाले, ते नोकरदारांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवून. वेळापत्रक हा ज्ञानाच्या समतेचा प्रश्न आहे, हे तेथे ओळखले गेले होते. विद्यापीठीय पातळीवर हा प्रश्न सुटायला पुढे पाव शतक लागले. मुंबई विद्यापीठाची पत्रद्वारा शिक्षणाची व्यवस्था १९७१ ची. तिची नावे बदलत गेली. अनेक वर्षे ती ‘आयडॉल’ या लघुनामाने ओळखली गेली. त्यानंतर शासनाच्या दोन निर्णयांनी या वाटेवरची वर्दळ वाढविली. १९७५ मध्ये दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला आणि कनिष्ठ महाविद्यालयांसाठी एम.ए. झालेले शिक्षक हवे झाले; २००० च्या जूनपासून पहिलीपासून इंग्रजी आली आणि प्राथमिक शिक्षकालाही त्या भाषेशी झुंजणे भाग पडले.

हे सारे शहरातून पाहणे आणि वैशाखऱ्यातून पाहणे यांत फरक आहे. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुरबाड, सरळगाव, टोकावडे मागे टाकले की हे गाव लागते. नाणेघाटाची चढण येथून सुरू होते. सातवाहनांचा शिलालेख पाहायला येणारे अभ्यासक या गावावरून वर जातात आणि खाली येऊन निघून जातात. मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. या पट्ट्यातील शाळेत वा आश्रमशाळेत शिकविणाऱ्याने इंग्रजी घेऊन एम.ए. करावयाचे ठरविले, तर रविवारच्या संपर्क वर्गासाठी कलिन्याचे विद्यानगरी गाठताना एसटीने कल्याण, लोकलने कुर्ला, तेथून पुन्हा बस, असा प्रवास आहे. शहापूरच्या विद्यार्थ्याला निदान आसनगावची गाडी मिळते. प्रवास हा येथे अभ्यासक्रमाचाच एक पेपर असतो. ग्रंथालय म्हणजे टपालाने आलेली छापील टिपणे आणि आग्र्याकडील प्रकाशकांची मार्गदर्शके.

या मार्गदर्शकांची आपण यथेच्छ टवाळी करतो. परंतु तेथे एक सैद्धान्तिक प्रश्न दडलेला आहे. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे कवीचे नाव झाकलेल्या कविता ठेवल्या आणि त्या प्रयोगातून १९२९ मध्ये ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हा ग्रंथ आला. कविता आणि वाचक यांच्यापलीकडे काहीही न मागणारी ही पद्धती, एका अर्थाने, बहिःस्थ विद्यार्थ्यासाठीच जन्मली होती. ज्याच्यापाशी ग्रंथालय नाही, त्याच्यापाशी पान तर असते. प्रत्यक्षात परीक्षेने त्याच्याकडून काय मागितले? कवीचा काळ, कवीचे चरित्र, समीक्षकांची मते. पानावर विश्वास ठेवण्याची एकच संधी होती, ती वाया गेली. पुढे अभ्यासक्रमांत संरचनावाद, विरचना, वासाहतोत्तर विचार हे विषय आले तेव्हा तर परिस्थिती अधिक विपरीत झाली. संहितेला प्रतिष्ठा नाकारणारे सिद्धान्त मार्गदर्शकाच्या दीड पानात मुद्देसूद पाठ केले गेले. परिघाची बाजू घेणारी विचारसरणी परिघावर पोचली ती अशी. याचा दोष विद्यार्थ्यावर ढकलणे मला अन्यायाचे वाटते.

मग या विद्यार्थ्याला शिकविले कोणी? माझे उत्तर असे की, मराठी समीक्षेने. आपल्या समीक्षेचा मोठा भाग इंग्रजीच्या प्राध्यापकांनी लिहिला, ही गोष्ट आपण कधी अभिमानाने तर कधी तक्रारीच्या सुरात सांगतो. परंतु ते लेखन हे न जाहीर झालेले बहिःशाल शिक्षण होते, असे त्याच्याकडे पाहिले गेलेले नाही. कुसुमावती देशपांडे नागपूरला इंग्रजी शिकवीत होत्या आणि ‘पासंग’ मराठीत लिहीत होत्या. विंदा करंदीकरांचे ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ १९५७ चे, ‘राजा लिअर’ १९७४ चे, रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ही १९७४ चीच. कॅथार्सिसची चर्चा इंग्रजी टिपणात तीनदा वाचूनही जिचा उलगडा होत नाही, ती तालुक्याच्या वाचनालयातल्या करंदीकरांच्या पुस्तकाने उलगडते. उलट दिशेचा व्यवहारही मोलाचा ठरला. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले, जनार्दन वाघमारे यांनी निग्रो साहित्याचा अभ्यास मराठीत आणला, आणि इंग्रजी विभागांच्या कडेला पडलेल्या त्या वाङ्मयाने दलित साहित्याच्या चर्चेला एक आधार पुरविला.

येथे देशीवादाची आठवण होणे अपरिहार्य आहे. भालचंद्र नेमाडे आणि गणेश देवी हे दोघेही इंग्रजीचे प्राध्यापक. देवींचे ‘आफ्टर अ‍ॅम्नेशिया’ १९९२ चे. इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासाने आपल्याला आपल्या परंपरेचा विसर पाडला, या निदानात पुष्कळ तथ्य आहे. परंतु ज्याच्या घरात ठाकरी वा कातकरी बोलली जाते, त्याची गोष्ट निराळी आहे. प्रमाण मराठी ही त्याची शाळेत कष्टाने कमावलेली दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. ज्या परंपरेचा विसर पडला म्हणून आपण हळहळतो, ती लिखित परंपरा त्याच्या घरी कधी आलीच नव्हती. दोन्ही परकेपणांपैकी इंग्रजीचे परकेपण त्याला अधिक प्रामाणिक वाटले, तर त्याला विस्मृती म्हणता येईल काय? देशीवादाने हा प्रश्न गंभीरपणे घेतलेला नाही, कारण त्याच्यासमोरचा विद्यार्थीही पुन्हा वर्गात बसलेलाच होता.

या तीन भाषांच्या व्यवहाराचा कोणताही लेखी पुरावा विद्यापीठापाशी उरत नाही. लिअर आणि त्याच्या मुलींची गोष्ट घरच्या बोलीत उमगते, विंदांच्या मराठीत तिची संगती लागते आणि उत्तर इंग्रजीत लिहावे लागते. तपासनीसापुढे येते ती फक्त शेवटची प्रत, मार्गदर्शकातल्या वाक्यांनी सजलेली. ‘राजा लिअर’चा उल्लेख त्या उत्तरात नसतो, मराठी ग्रंथाचा आधार द्यावा, असे विद्यार्थ्याला कोणी सुचविलेलेही नसते.