खोडदच्या डिश आणि कवटीचा तळ

नारायणगाव, मंचर पट्ट्यात एक प्रश्न प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेला असतो. खोडदच्या त्या अवाढव्य डिशकडे बोट दाखवून कुणीतरी विचारतं, "ह्याचा आपल्याला काय उपयोग?" मी सॉफ्टवेअरवाला आहे, खगोलशास्त्रज्ञ नाही. पण ह्या प्रश्नाचं एक उत्तर मला चक्क सीटी स्कॅनमध्ये सापडलं.

आधी आपली कवटी बघू. वरचा भाग सोपा, टोपीसारखा. अवघड असतो तो तळ, म्हणजे मेंदू ज्यावर टेकलेला असतो तो भाग. तिथे कानाजवळचं कठीण हाड, नाकामागच्या पोकळ्या आणि मज्जातंतू, रक्तवाहिन्या जाण्यासाठी कितीतरी भोकं असतात. साध्या एक्स-रेमध्ये ही सगळी हाडं एकमेकांवर चढून दिसतात. त्यामुळे १९७० च्या आधी डॉक्टरांना आडवाटेने जावं लागायचं. १९१९ मध्ये वॉल्टर डँडी यांनी मणक्यातून हवा आत सोडून फोटो काढायची पद्धत आणली. पेशंटला त्यानंतर भयंकर डोकं दुखायचं.

अडचण नेमकी काय होती? डोक्यातून आरपार गेलेला किरण फक्त बेरीज सांगतो, म्हणजे वाटेत एकूण किती अडलं एवढंच. समजा, नारायणगावच्या टोमॅटो मार्केटमध्ये क्रेट चौकोनात मांडलेत आणि तुम्हाला फक्त अख्ख्या रांगेचं वजन करता येतं. उभ्या, आडव्या, तिरप्या अशा सगळ्या रांगांची वजनं घेतली, तर कुठला क्रेट हलका आहे ते शोधता येईल का? येतं. ह्याचं गणित योहान रॅडॉन यांनी १९१७ मध्येच मांडलं होतं, पण ते बराच काळ दुर्लक्षित राहिलं.

आता आकाशाकडे वळू. त्या काळातल्या काही रेडिओ दुर्बिणींना सूर्याचा एकेक पट्टाच दिसायचा. पुन्हा तेच, नुसत्या बेरजा! रोनाल्ड ब्रेसवेल यांनी १९५६ मध्ये ह्या पट्ट्यांवरून चित्र कसं बनवायचं ते मांडलं. १९६७ मध्ये ए. सी. रिडल यांच्यासोबत त्यांनी कॉम्प्युटरला सोपी जाईल अशी रीत दिली. ह्याच ब्रेसवेल यांच्याकडे स्टॅनफर्डला एका भारतीयाने १९६१ मध्ये पीएचडी केली. त्यांचं नाव गोविंद स्वरूप.

स्वरूप १९६३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या ३२ छोट्या डिश त्यांनी १९६५ मध्ये आपल्या कल्याणजवळ उभ्या केल्या, मग ऊटीची दुर्बीण बांधली आणि पुढे खोडदची जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यातल्या १४ मध्यभागी, बाकीच्या १६ तीन हातांवर जवळपास २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. जड पत्र्याऐवजी पातळ तारेची जाळी वापरली, म्हणून वारा आरपार जातो आणि खर्चही आटोक्यात राहिला.

इकडे हॉस्पिटलच्या गोष्टीत १ ऑक्टोबर १९७१ ही तारीख मोठी. लंडनजवळच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या मशीनवर पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला. चित्र होतं फक्त ८० बाय ८० चौकटींचं. त्यांची आकडेमोड वेगळ्या पद्धतीची होती. त्याच वर्षी जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या भारतीय जोडीने ब्रेसवेल यांच्या वाटेने जाणारी, पण स्वतंत्रपणे शोधलेली वेगवान रीत छापली. नंतरचे स्कॅनर बरीच वर्षं ह्याच प्रकारच्या गणितावर चालले. मॅटलॅबमध्ये आजही स्कॅनचं चित्र उभं करणारं फंक्शन चालवलं की डिफॉल्ट फिल्टर असतो 'राम-लॅक'. म्हणजे रामचंद्रन-लक्ष्मीनारायणन!

तर मंडळी, जीएमआरटीने सीटी स्कॅन शोधला असं अजिबात नाही. स्कॅनर आधी आला, खोडद नंतर. पण दोघं एकाच गणिताच्या घरातले चुलत भाऊ आहेत.

आणि दोघांची डोकेदुखीही सारखीच आहे. चित्रात दिसतंय ते खरं आहे की मशीनने केलेला भास? सीटीमध्ये दोन्ही कानांच्या कठीण हाडांमध्ये एक काळा पट्टा उमटतो, त्याला चक्क 'हाउन्सफील्ड बार' म्हणतात. तो आजार नसतो. तसंच काहींच्या कानामागच्या हाडात एका बाजूला हवेच्या पोकळ्या असतात आणि दुसऱ्या बाजूला चरबीचा मगज. एमआरआयमध्ये ती चरबी गाठीसारखी भासू शकते, पण ती जन्मजात ठेवण असते. उलट काहींची डोळ्याची नस नाकामागच्या एका जास्तीच्या पोकळीला खेटून जाते. हाही आजार नाही, पण नाकातून ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला ते आधी माहीत नसेल तर दृष्टीच धोक्यात.

म्हणून रिपोर्टमध्ये 'व्हेरिएंट' शब्द दिसला की लगेच गुगल करून घाबरू नका, आणि "काही नाही" म्हणून रिपोर्ट फेकूनही देऊ नका. डॉक्टरांना सरळ विचारा, "ही माझी ठेवण आहे की आजार?" ऑपरेशन ठरलं असेल, तर स्कॅन सोबत न्या.

खोडदला दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या आसपास, प्रदर्शन भरतं. जाऊन या. डिशजवळ मोबाईल मात्र बंद ठेवा, कारण दूरच्या आकाशगंगेपेक्षा तुमच्या खिशातला फोन त्यांना फार मोठ्याने ऐकू येतो. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!