वानराच्या हातातील काठी

१/ सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपीय प्राणिग्रंथांतून एक विचित्र दृश्य पुन्हा पुन्हा भेटते. शेपूट नसलेला मोठा वानर माणसासारखा ताठ उभा, आणि हातात काठी! रानात वाढलेल्या या प्राण्याला काठी दिली कोणी?

२/ तिचा माग किमान १४८६ पर्यंत जातो. त्या वर्षी माइन्त्स येथे ब्रायडेनबाख याचे पवित्र भूमीचे यात्रावृत्त छापले गेले. यात्रेत सोबत असलेला चित्रकार एर्हार्ड रॉयविच याच्या चित्रांचे लाकडी ठसे त्यात होते. प्राण्यांच्या पानावर जिराफ आहे, मगर आहे, आणि एक केसाळ, लांब शेपटीची मानवाकृतीही आहे. तिच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात उंटाची दोरी. या प्राण्याचे नाव ठाऊक नाही, असे तेथेच नमूद आहे. हे सारे प्राणी प्रत्यक्ष पाहिल्याप्रमाणे काढले, असा ग्रंथाचा दावा. मात्र त्याच पानावर एकशिंगी घोडाही उभा आहे.

३/ १५५१ मध्ये झुरिचच्या कोनराड गेस्नर याने आपल्या प्राणिकोशात हेच रूप घेतले. दूरदेशीचा प्राणी समोर नसे, जुने चित्र हाताशी असे. ठसा कोरणारा बदलला, काठी राहिली.

४/ पण ज्याने प्राणी स्वतः पाहिला, त्याचे काय?

५/ १६९८ मध्ये अंगोलातून एक पिल्लू जहाजाने लंडनला आणले गेले. ते लवकरच मेले. एडवर्ड टायसन या वैद्याने, शल्यवैद्य विल्यम कूपर याच्या साहाय्याने, त्याचे विच्छेदन केले. टायसनने त्याला ‘ओरांगउटान’ आणि ‘पिग्मी’ म्हटले. प्रत्यक्षात तो चिंपांझी होता. उंची अवघी २६ इंच.

६/ १६९९ च्या ग्रंथात टायसनने हिशेब मांडला: ४८ बाबतींत हा प्राणी माकडांपेक्षा माणसाच्या जवळचा, ३४ बाबतींत माकडांच्या जवळचा. स्नायू, मेंदू, आतडी यांचे इतके काटेकोर वर्णन त्यापूर्वी कोणत्याही मानवसदृश वानराचे झाले नव्हते.

७/ आणि तरीही व्हान डर गुख्ट याने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रात पिल्लू उभेच आहे. उजव्या हातात काठी. टायसनने तिचे कारण प्रामाणिकपणे दिले आहे: प्राणी अशक्त होता, म्हणून आधाराला आपणच ती दिली.

८/ खरी मेख पुढे आहे. पिल्लू चार पायांवर चालताना तळहात न टेकता बोटांच्या सांध्यांवर भार देते, हे टायसनने पाहिले होते, लिहूनही ठेवले होते. चिंपांझीची स्वाभाविक चाल हीच! टायसनला ती आजारपणाची खूण वाटली. उभे राहणे हीच याची मूळ रीत, असे त्याने धरले. डोळ्यांनी अचूक टिपले, मनाने ते नाकारले, आणि कोरणाऱ्याच्या छिन्नीने मनाचेच ऐकले.

९/ १७६६ मध्ये ब्यूफाँच्या ‘नॅचरल हिस्टरी’च्या चौदाव्या खंडात ‘जोको’ अवतरला. तोही चिंपांझीच. ब्यूफाँने पॅरिसमध्ये असा प्राणी जिवंत पाहिला होता. चित्रकार द सेव्ह याच्या चित्रात जोको दोन पायांवर उभा आहे. हातात, अर्थातच, काठी.

१०/ टायसनच्या पिल्लाचा सांगाडा आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. ग्रंथातील चित्रपटावर तो सांगाडादेखील ताठ उभा दाखवला आहे.