नाईट व्हिजन स्कोपला पहिल्यांदा डोळा लावल्यावर नेमकं काय दिसतं?

सिनेमातला कमांडो रायफलच्या स्कोपला डोळा लावतो आणि मध्यरात्रीचं जंगल लख्ख हिरवं दिसतं. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये मात्र ही गोष्ट सिनेमापुरती राहिलेली नाही. तिथं रानडुकरं शेतांची नासाडी करतात, म्हणून शेतमालक आणि शिकारी असे स्कोप लावून रात्री शेतात बसतात.

पण सिनेमा डोक्यात ठेवून डोळा लावला तर हिरमोडच होतो. समोर येतं एक गोल, सपाट, एकरंगी चित्र. त्यावर बारीक ठिपके सतत वळवळत असतात. जुन्या टीव्हीवर सिग्नल गेला की मुंग्या यायच्या ना, तसंच काहीसं.

असं का? कारण आपण समोरचं दृश्य थेट बघतच नसतो. चंद्र-ताऱ्यांचा थोडासा उजेड लेन्समधून फोटोकॅथोडवर पडतो आणि तिथून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. मायक्रोचॅनल प्लेट त्यांची संख्या हजारो पटींनी वाढवते. ते फॉस्फरच्या पडद्यावर आदळले की चित्र उमटतं. हे सगळं घडतं त्या नळीला इमेज इंटेन्सिफायर ट्यूब म्हणतात, आणि भारतात त्या पुण्यात बनतात, भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या उपकंपनीत. उजेड जितका कमी, तितक्या मुंग्या जास्त.

ढगाळ अमावस्येला तर वाढवायला उजेडच उरत नाही. मग स्कोपवरचा इन्फ्रारेड दिवा लावावा लागतो. आपल्या डोळ्यांना तो जवळजवळ दिसत नाही, स्कोपला मात्र टॉर्चसारखा दिसतो. गडबड अशी, की धुकं असेल किंवा पुढ्यातच उंच गवत असेल, तर उजेड तिथूनच उलटतो आणि अख्खं चित्र पांढरं पडतं.

या दिव्यात बऱ्याच जनावरांचे डोळे मात्र निखाऱ्यासारखे चमकतात. खरा धोका इथंच आहे. डुकराच्या मागावर असलेल्या नवख्याला दोन चमकते ठिपके दिसले, की शिकार सापडली असं वाटतं. पण असे डोळे वासराचे चमकतात, कुत्र्याचेही; डुकराच्या डोळ्यात तर ती चमक आणणारा थरच नसतो. माणसाच्या डोळ्यातही तो थर नसतो. म्हणजे गवतात वाकलेला माणूस चमकणार नाही! त्यात चित्र सपाट असल्यामुळे जवळचं लहान जनावर कोणतं आणि लांबचं मोठं कोणतं, याचाही अंदाज चुकतो. शिवाय दिव्याचा उजेड जिथं संपतो, तिथं गोळी संपत नाही. काळोखात मागे घर आहे की रस्ता, हे स्कोप सांगत नाही.

नवख्याची आणखी एक चूक म्हणजे स्कोपमधूनच शेतभर शोधाशोध करणं. स्कोप रायफलवर बसवलेला असतो, त्यामुळे जिकडे बघाल तिकडे नळी रोखली जाते. म्हणूनच जाणते शिकारी शोधायला हातात वेगळी थर्मल दुर्बीण ठेवतात. ती शरीराची उष्णता टिपते, त्यामुळे माणूसही त्यात उठून दिसतो. जनावर सापडलं, ओळख पटली, मागचा भाग दिवसा बघून ठेवलेला असला, की मगच रायफल उचलायची.

आणि स्कोपवरून डोळा काढला, की त्या डोळ्याला काही वेळ काहीच दिसत नाही. पडद्याच्या उजेडाने बाहुली आकसलेली असते आणि डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला एरवीही 20 ते 30 मिनिटं लागतात. तोवर बांधावरून चालताना दुसऱ्या डोळ्यावरच भिस्त.