पडद्यावर मिळवलेली जागा: रियाद वाडिया आणि मुंबईतील समलिंगी चित्रपटांची चळवळ

भारतातील समलिंगी चित्रपटांचा इतिहास रियाद विंची वाडिया (1967–2003) यांच्याशिवाय सांगता येत नाही. मुंबईच्या एका जुन्या पारशी चित्रपट घराण्यातले हे दिग्दर्शक अवघी छत्तीस वर्षे जगले. त्यांची सर्वांत महत्त्वाची कलाकृती जेमतेम बारा मिनिटांची आहे, आणि सेन्सॉर बोर्डाकडे ती कधी पाठवलीच गेली नाही. तरीही मुंबईत दरवर्षी भरणाऱ्या 'कशिश' या महोत्सवात उदयोन्मुख भारतीय दिग्दर्शकाला त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो. हा पुरस्कार वाडिया मूव्हीटोन या त्यांच्या घरच्या संस्थेने पुरस्कृत केलेला आहे. त्यांच्या माणसांनी त्यांची आठवण नव्या चित्रपटांना बळ देऊन जपली.

वाडिया मूव्हीटोनची स्थापना 1933 साली जे. बी. एच. वाडिया आणि त्यांचे धाकटे बंधू होमी वाडिया यांनी केली. 1935 मध्ये या संस्थेच्या 'हंटरवाली'ने मेरी इव्हान्स ऊर्फ 'फिअरलेस नादिया' हिला घराघरांत पोचवले. हातात चाबूक, तोंडावर बुरखा आणि पुरुषांना लोळवणारी नायिका ही त्या काळात नवलाची गोष्ट होती. जे. बी. एच. हे रियाद यांचे आजोबा. घराण्याचा हा वारसा रियाद यांनी अभ्यासाचा विषय केला आणि 1993 मध्ये 'फिअरलेस: द हंटरवाली स्टोरी' हा नादियावरचा माहितीपट काढला. तो जगभरच्या महोत्सवांतून फिरला.

परदेशात त्या वेळी समलिंगी चित्रपटांसाठी वेगळी व्यासपीठे उभी राहिली होती. सॅन फ्रान्सिस्कोतला 'फ्रेमलाइन' महोत्सव 1977 पासून भरत होता. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात अशा चित्रपटांसाठी 1987 पासून 'टेडी' पुरस्कार दिला जात होता. भारतात यातले काहीच नव्हते. भारतीय दंड संहितेच्या 377 व्या कलमानुसार समलिंगी संबंध हा गुन्हा होता. चित्रपटांत असे पात्र आलेच तर ते हशा पिकवण्यासाठी येई. मात्र संघटनेची सुरुवात मुंबईतच झाली होती. अशोक राव कवी यांनी 1990 मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले आणि 1994 मध्ये 'हमसफर ट्रस्ट' ही संस्था स्थापन झाली. वाचक जमत होते, बैठका होत होत्या. पडद्यावर मात्र या माणसांचे स्वतःचे असे काही नव्हते.

ती उणीव 1996 साली 'बॉमगे' या लघुपटाने भरून काढली. पुणे विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन करणारे कवी आर. राज राव यांच्या सहा कवितांवर रियाद यांनी हा चित्रपट बेतला. जंगू सेठना त्यांचे सहदिग्दर्शक होते आणि राहुल बोस यांनी त्यात भूमिका केली. मुंबईतल्या समलिंगी पुरुषांचे जगणे त्यात सहा तुकड्यांत येते: लोकलचा प्रवास, शहरातले एकाकीपण, वासना, भीती. आपल्याच शहराकडे एक समलिंगी दिग्दर्शक उघड्या डोळ्यांनी पाहतो आहे, ही या चित्रपटाची खरी ताकद. भारतातला पहिला उघड समलिंगी चित्रपट म्हणून तो ओळखला जातो. त्याच वर्षी रियाद यांनी 'अ मर्मेड कॉल्ड आयडा' हा एका पारलिंगी स्त्रीवरचा माहितीपटही केला. 'बॉमगे'चे खेळ खासगी जागी आणि परदेशी महोत्सवांत झाले. हातोहात फिरलेल्या व्हिडिओ कॅसेटच्या काळात एवढ्यानेही तो एका पिढीपर्यंत पोचला.

'बॉमगे'आधी काहीच नव्हते, असे मात्र नाही. प्रेम कपूर यांचा 'बदनाम बस्ती' (1971) हा हिंदी चित्रपट कमलेश्वर यांच्या कादंबरीवर आधारलेला होता आणि त्यात दोन पुरुषांमधली ओढ आली होती. तो पुढे इतका विस्मृतीत गेला की त्याची प्रिंट 2019 मध्ये बर्लिनच्या आर्सेनल संग्रहात सापडली.

मराठीत या विषयाला प्रथम रंगभूमीने हात घातला. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक 1981 साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या मित्राची, म्हणजे सुमित्राची, भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. 1982 च्या 'उंबरठा'ची पटकथाही तेंडुलकरांचीच होती. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी केलेल्या या चित्रपटात महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांच्या संबंधांचा प्रसंग आहे, आणि स्मिता पाटील यांनी साकारलेल्या अधीक्षिकेची त्यातून कसोटी लागते. मराठी प्रेक्षकाला हा विषय अगदीच अनोळखी नव्हता. पण दोन्ही ठिकाणी तो बाहेरून, जाणत्या माणसाच्या कळवळ्याने पाहिलेला होता.

या विषयावरचे चित्रपट बनवण्याइतकेच ते लोकांसमोर दाखवणेही कठीण होते, हे 1998 मध्ये उघड झाले. दीपा मेहता यांचा 'फायर' सेन्सॉर बोर्डाने एकही दृश्य न कापता प्रौढांसाठी मंजूर केला आणि नोव्हेंबरमध्ये तो प्रदर्शित झाला. एकाच घरातल्या दोन जावांच्या प्रेमाची ही कथा होती. 2 डिसेंबरला मुंबईच्या गोरेगावमधील सिनेमॅक्समध्ये शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी तोडफोड करून खेळ बंद पाडला. पाठोपाठ इतर शहरांतही तेच झाले. चित्रपट पुन्हा सेन्सॉर बोर्डाकडे गेला आणि 1999 मध्ये पुन्हा मंजूर झाला. दिल्लीत या हल्ल्यांविरुद्ध स्त्रिया फलक घेऊन रस्त्यावर उतरल्या. कायद्याने मिळालेले प्रमाणपत्रही प्रेक्षागृहातल्या प्रेक्षकाला संरक्षण देऊ शकत नाही, हा धडा या प्रकरणाने दिला.

2003 हे या इतिहासातले सुखदुःखाचे वर्ष ठरले. त्या वर्षी मुंबईत 'लर्झिश' हा लैंगिकता आणि लिंगभावाच्या विविधतेवरचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. आयआयटी मुंबईत शिकलेले श्रीधर रंगायन यांचा 'गुलाबी आईना' त्याच वर्षीचा. स्त्रीवेष घेणाऱ्या कलाकारांच्या जगातली ही हसरी, भांडखोर आणि मायाळू कथा आहे. सेन्सॉर बोर्डाने तिला प्रमाणपत्र नाकारले, आणि ती परदेशी महोत्सवांत गाजली. वर्ष संपत असताना, 30 नोव्हेंबरला, रियाद वाडिया यांचे निधन झाले.

पुढच्या काही वर्षांत वातावरण हळूहळू बदलत गेले. ओनीर यांचा 'माय ब्रदर निखिल' 2005 मध्ये सर्वसाधारण चित्रपटगृहांत आला. एचआयव्ही झाला म्हणून कोंडून ठेवल्या गेलेल्या गोव्यातल्या डॉमिनिक डिसूझा यांच्या लढ्यातून त्याची प्रेरणा आली होती. दिल्लीत 'निगाह' आणि कोलकात्यात 'डायलॉग्ज' हे महोत्सव 2007 पासून भरू लागले. 2 जुलै 2009 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध 377 व्या कलमाच्या कक्षेतून वगळले.

या निकालानंतरच्या उन्हाळ्यात, एप्रिल 2010 मध्ये, श्रीधर रंगायन यांच्या पुढाकाराने 'कशिश' महोत्सव सुरू झाला. त्याचे वेगळेपण जागेच्या निवडीत होते. आधीचे बहुतेक खेळ संस्थांच्या सभागृहांत आणि ओळखीच्या वर्तुळात होत. 'कशिश'ने नेहमीचे, तिकीटबारी असलेले चित्रपटगृह घेतले. त्यासाठी रीतसर मार्ग होता. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्राविना चित्रपट जाहीरपणे दाखवता येत नाही, पण महोत्सवांना केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालय सूट देऊ शकते. ही सूट मागणे म्हणजे आपण काय दाखवणार आहोत ते सरकारला लेखी कळवणे. लपूनछपून चालणाऱ्या खेळांची जागा परवानगीच्या कागदाने घेतली, आणि प्रेक्षकाला मान वर करून रांगेत उभे राहता आले. पुरस्कारांत रियाद वाडिया यांचे नाव घातल्याने नव्या दिग्दर्शकांना आपली परंपरा कुठून येते ते कळले.

11 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला आणि समलिंगी संबंध पुन्हा गुन्हा ठरले. अशा वेळी आडोसा शोधणे स्वाभाविक होते. महोत्सव मात्र 2014 साली दक्षिण मुंबईतल्या लिबर्टी चित्रपटगृहात गेला. 1949 साली सुरू झालेले हे एकपडदा चित्रपटगृह शहराच्या वैभवखुणांपैकी एक आहे. त्याच वर्षी पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या 'समपथिक ट्रस्ट'ने 'अद्वैत' हा महोत्सव भरवला. त्यामुळे मराठी प्रेक्षकाला आपल्या गावात असे चित्रपट पाहता आले.

मराठी चित्रपटही याच सुमारास पुन्हा या विषयाकडे वळला. राजीव पाटील यांच्या 'जोगवा'ने (2009) देवाच्या नावाने जोगत्या व्हावे लागलेल्या तरुणाची घुसमट दाखवली. त्याचा विषय समलिंगी प्रेम नव्हता. पण समाज शरीरावर लिंग कसे लादतो, हे त्याने गावातल्या भाषेत सांगितले. रवी जाधव यांनी 'मित्राची गोष्ट'वरून 'मित्रा' हा लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि 2015 च्या 'बायोस्कोप'मधून तो चित्रपटगृहांत पोचला.

हंसल मेहता यांचा 'अलीगढ' (2016) हिंदीत असला तरी त्याचा नायक मराठी आहे. नागपूरचे डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत आणि कविता लिहीत. फेब्रुवारी 2010 मध्ये त्यांच्या घरात घुसून त्यांचे खासगी चित्रण करण्यात आले आणि त्यांना निलंबित केले गेले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1 एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली. 7 एप्रिलला ते मृतावस्थेत आढळले. मुंबईत पहिला 'कशिश' भरला तो याच महिन्यात. त्याच प्रेमासाठी एका शहरात माणसे राजरोस तिकीट काढत होती आणि दुसऱ्या शहरात एका प्राध्यापकाचे घर सुरक्षित नव्हते. मनोज बाजपेयी यांनी साकारलेल्या सिरसांनी ही वेदना दूरवरच्या प्रेक्षकांपर्यंत नेली.

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा मानणे अखेर बंद केले. प्रदर्शनाच्या वाटाही बदलल्या. महोत्सव मुख्यतः महानगरांत भरतात. महानगरांबाहेरच्या मराठी कुटुंबांना असे चित्रपट पाहण्याची सोय प्रामुख्याने ओटीटीने केली. पुण्याचे सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही 2006 ची मराठी कादंबरी एकाच तरुणाच्या प्रेमात पडलेल्या बहीण-भावाची आहे. तिच्यावरचा चित्रपट 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर आला आणि घरबसल्या पाहता आला. ज्याला आपल्या गावात हे कोणाशी बोलता येत नाही, त्याच्यासाठी अशी सोय मोलाची आहे. पण घरात एकट्याने पाहणे आणि आपल्यासारख्या शेकडो माणसांबरोबर पाहणे यांत अंतर आहे, म्हणून महोत्सवांची गरज संपलेली नाही.

रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा मराठी चित्रपट या वाटेवरचा मोठा टप्पा आहे. लघुपटांतून घडलेल्या कानवडे यांनी 'उ उषाचा' (2019) मध्ये एका शेतमजूर स्त्रीला शिक्षिकेविषयी वाटणारी ओढ मांडली होती. 'साबर बोंडं'मध्ये वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या यांचे नाते उलगडते. जानेवारी 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला, आणि सप्टेंबरमध्ये तो भारतातील चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. सुतकाचे नियम, नातेवाइकांची लग्नाची टुमणी, शेळ्या आणि रान यांच्यामध्येच इथले प्रेम वाढते. समलिंगी प्रेम ही शहरी किंवा परदेशी गोष्ट आहे, या समजाला याहून चांगले उत्तर मराठीत क्वचितच दिले गेले असेल.

आता तातडीचे काम जतनाचे आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून पुण्यात आहे, तरीही 'बदनाम बस्ती' सापडली बर्लिनला. ज्या लघुपटांना प्रमाणपत्रच मिळाले नाही त्यांची सरकारदरबारी नोंद होत नाही, आणि कॅसेट व डिजिटल फिती काळाबरोबर खराब होतात. 'बॉमगे'पासून पुढच्या तीन दशकांचे लघुपट, महोत्सवांच्या कार्यक्रमपत्रिका आणि दिग्दर्शकांच्या मुलाखती एकत्र जपल्या गेल्या तरच पुढच्या अभ्यासकाला हा इतिहास मुळापासून वाचता येईल.